डब्यावरची ती ओळ

गेल्या पंधरवड्यात एक तरुण बाप दवाखान्यात आला. हातातल्या पिशवीत बाळाच्या दुधाचा नवाकोरा डबा होता. बाळ दीड महिन्याचे, घरी आईजवळ. त्याने डबा टेबलावर ठेवला आणि त्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम, अशा अर्थाची ती ओळ होती. मग त्याने सरळ विचारले, "डॉक्टर, कंपनी स्वतःच असं लिहिते, तर मग डबा विकते कशाला?"

प्रश्न साधा आहे, पण बिनचूक आहे. मी त्याला म्हटले, "ही ओळ कंपनीने आपखुशीने लिहिलेली नाही. तिला ती लिहावी लागते. कायदाच तसा आहे." तेवढ्यावर त्याचे समाधान झाले. पण कायदा आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी आपला वेळ खर्च केलेला असतो. या कायद्यामागे ज्यांनी वेळ खर्च केला, त्यांत बालरोगतज्ज्ञ पुष्कळ होते. आपापला दवाखाना सांभाळून, एक पैसा न घेता त्यांनी हे काम केले. आजचा लेख त्यांच्या या कामाविषयी आहे. तो लिहिण्यास माझे स्वतःचे एक कारणही आहे. ते आधी सांगतो.

माझ्या हातची चिठ्ठी

१९९६ सालची गोष्ट. मला दवाखाना टाकून जेमतेम दीड वर्ष झाले होते. बाजाराचा दिवस, बाकावर बसायला जागा नाही अशी गर्दी. शेजारच्या खेड्यातली एक बाई तीन महिन्यांचे मूल घेऊन सासूबरोबर आली. नवरा बाजार समितीत हमाल. कांद्याची काढणी सुरू होती आणि बाईला कामावर जायचे होते. सासू म्हणाली, "हिला दूध पुरत नाही बघा डॉक्टर. पोरगं सारखं रडतं. काहीतरी वरचं लिहून द्या."

मी मुलाचे वजन केले नाही. ते आईला कसे पिते हे पाहिले नाही. दिवसातून किती वेळा लघवी करते, हेही विचारले नाही. कागदावर डब्याचे नाव लिहिले आणि पुढचा रोगी आत बोलावला. दोन मिनिटेही लागली नसतील.

तीन महिन्यांच्या मुलाला पूर्णपणे डब्यावर ठेवले, तर अर्ध्या किलोचा डबा चार दिवसांच्या आसपास संपतो. त्या घरात तो पंधरा-सोळा दिवस पुरवला गेला. जिथे चार माप पावडर घालायची तिथे एक घातली जात होती. दूध पांढरे दिसत होते, बाटली भरलेली दिसत होती आणि घरच्यांना वाटत होते की आपण मुलासाठी महागातली वस्तू आणली. बाटली ओढ्याच्या पाण्याने धुतली जात होती. आईचे दूध मात्र मूल न प्यायल्याने आटत चालले होते.

मूल परत माझ्याकडे आले तेव्हा त्याची टाळू खोल गेली होती आणि पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. दोन दिवस जुलाब चालू होते. मी सलाईन लावून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मूल गेले.

मला कोणीच दोष दिला नाही. सासू तर म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही तर चांगलंच लिहून दिलं होतं." हे वाक्य मला शिवीपेक्षा जास्त लागले.

दवाखान्याबाहेरचे काम

त्यानंतर काही दिवसांनी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वडीलधाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे मी गेलो. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणत असू. झाले ते सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "औषध देणं हे आपलं अर्धं काम. मूल आजारी का पडलं ते शोधून चारजणांना सांगणं हे उरलेलं अर्धं. ते कॉलेजात कोणी शिकवत नाही." मग पुढच्या गुरुवारी मोकळा आहेस का, असे विचारले.

गुरुवारी दुपारी सर दवाखाना बंद ठेवत. एक कापडी पिशवी घेऊन एस.टी.ने एखाद्या तालुक्याच्या प्रसूतिगृहात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जात. पिशवीत एक कापडी बाहुली आणि लोकरीने विणलेला स्तनाचा नमुना. बाळाला कसे धरायचे, त्याचे तोंड मोठे उघडल्यावरच छातीशी कसे घ्यायचे, स्तनाग्राभोवतालचा काळा भाग बाळाच्या तोंडात कसा गेला पाहिजे, हे ते नर्सेसना आणि दायांना करून दाखवत. सुरुवातीला मुली तोंडाला पदर लावून हसत. अर्ध्या तासाने त्याच मुली प्रश्न विचारू लागत. तिकीट सरांच्या खिशातले, मानधन नाही, चहा मात्र घेत. अशी दहा-बारा वर्षे त्यांनी काढली. मी त्यांच्याबरोबर सगळे मिळून तीसेक वेळा गेलो असेन.

या कामाची किंमत त्यांनी मोजली हेही सांगितले पाहिजे. गुरुवारचे उत्पन्न गेले, ती गोष्ट लहान. एकदा डॉक्टरांच्या एका सभेनंतर मोठे जेवण होते. सरांनी विचारले, "आजचं जेवण कोणाकडून?" उत्तर मिळाले, बाळाच्या आहाराच्या एका कंपनीकडून. सर उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोन-तीन जुने मित्र त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. "हे फार शहाणे झाले" असे पाठीमागे बोलले गेले, ते मी ऐकले आहे. त्या वेळी अशा जेवणावर कायद्याची स्पष्ट बंदी नव्हती. ती पुढे २००३ साली आली.

सर एकटे नव्हते

सर ज्या संस्थेचे सभासद होते तिची स्थापना आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा येथे, ३ डिसेंबर १९९१ रोजी झाली. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया हे तिचे नाव. बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण गुप्ता हे तिच्या संस्थापकांपैकी एक. बाळाचे दूध, बाळाचा आहार किंवा दुधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांकडून पैसा घ्यायचा नाही, असे या संस्थेचे धोरण आहे. त्याआधी १९८६ मध्ये मुंबईत 'अ‍ॅकॅश' नावाची ग्राहकांच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू झाली. मुंबईतील बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते.

ही लढाई जगभर चाललेली होती. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात या विषयावर भाषण केले. त्या भाषणाला त्यांनी नावच दिले होते 'दूध आणि हत्या'. डब्याच्या दुधाच्या खोट्या प्रचाराने मुले मरतात, असे त्यांनी व्यापारी मंडळींच्या तोंडावर सांगितले. १९७० नंतरच्या दशकात हा विषय युरोप-अमेरिकेत पेटला. शेवटी २१ मे १९८१ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेने डब्याच्या दुधाच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली, विरोधात एकच, आणि ते अमेरिकेचे.

भारताने १९८३ मध्ये आपली राष्ट्रीय संहिता स्वीकारली. पण संहिता म्हणजे सल्ला. तो न पाळणाऱ्याला शिक्षा नाही. तिचा कायदा व्हायला आणखी नऊ वर्षे गेली. १९९२ साली संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलात आला. माझी चिठ्ठी १९९६ ची. म्हणजे कायदा होऊन तीन वर्षे झाली होती आणि एका एम.बी.बी.एस. डॉक्टरला त्याचा पत्ता नव्हता. कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो माणसांपर्यंत नेणारी माणसे लागतात, असे मी म्हणतो ते या अनुभवावरून.

कायदा काय सांगतो?

कायद्याचे नाव लांबलचक आहे, पण आशय कोणालाही कळेल असा आहे.

बाळाचे डब्याचे दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळाचा तयार आहार यांची जाहिरात करता येत नाही. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचा तयार आहार यात आला. गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला फुकट नमुना, भेटवस्तू देता येत नाही. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापता येत नाही. आईचे दूध सर्वोत्तम असल्याची सूचना ठळकपणे छापावीच लागते. दवाखान्यात, प्रसूतिगृहात अशा मालाची भलावण करणारे फलक लावता येत नाहीत. आणि आम्हा डॉक्टरांना, आमच्या संघटनांना कंपनीने या मालासाठी पैसे, भेटी, सभा-संमेलनांचा खर्च देणे हाही गुन्हा आहे. मोडणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

या कायद्यात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. मुलांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार सरकार देऊ शकते. वर सांगितलेल्या दोन्ही संस्थांना तो मिळाला. 'अ‍ॅकॅश'ने १९९४ साली एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध डब्यावरच्या मजकुरावरून दिल्लीच्या न्यायालयात तक्रार दाखल केली. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. एका बाजूला नामांकित वकिलांची फौज आणि दुसऱ्या बाजूला वेळ काढून धावपळ करणारे डॉक्टर. अशा कामात विजयाची मिरवणूक निघत नाही. पण डब्यावरचा मजकूर कोणीतरी वाचतो आहे, एवढे कंपन्यांना कळले. दरारा म्हणतात तो हाच.

अजून किती बाकी आहे?

कायदा झाला म्हणून प्रश्न सुटला असे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतली जाणारी बाळे ४१.८ टक्केच. म्हणजे दहांपैकी जवळजवळ नऊ बाळे आमच्या डोळ्यांदेखत जन्मतात आणि चारांनाच वेळेवर आईचे दूध मिळते. हा दोष आईचा नाही, सासूचाही नाही. तो आमचा, डॉक्टर-नर्सेसचा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या मुलांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असणारी ६३.७ टक्के आहेत. त्याआधीच्या पाहणीत ती ५४.९ टक्के होती. म्हणजे सुधारणा आहे, पण तिसरा हिस्सा मुले अजून बाहेर आहेत.

आता जाहिरात भिंतीवर नसते, ती मोबाइलवर येते. बाळाच्या संगोपनाचे गोड सल्ले देता देता एखादी बाई हळूच डबा दाखवते. वाचकहो, तीही जाहिरातच.

घरी काय पाहावे?

"दूध पुरत नाही" ही आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बाळ रडते म्हणजे उपाशीच आहे असे नाही. ते ओले झाले असेल, उकडत असेल, नुसती कूस हवी असेल. दूध पुरते की नाही ते दोन गोष्टींवरून ओळखावे. पहिला आठवडा संपल्यावर बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि पहिले काही महिने महिन्याला निदान अर्धा किलो वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. वजन अंगणवाडीत फुकट करून मिळते.

जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकू नये. ती बाळाची पहिली लस समजावी. मध, गुटी, साखरपाणी, ग्राइपवॉटर यातले काही देऊ नये. सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको, कारण आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. पाजताना दुखत असेल तर बहुधा बाळ नीट धरलेले नसते, ते नर्सकडून दुरुस्त करून घ्यावे. सहा महिन्यांनंतर घरचा मऊ आहार सुरू करावा आणि आईचे दूध दोन वर्षे किंवा पुढेही चालू ठेवावे.

आईला कामावर जायचे असेल तर दूध हाताने स्वच्छ स्टीलच्या वाटीत काढून झाकून, घरातल्या गार जागी ठेवावे. चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नको. तिच्या बुचात आणि खाचांत राहिलेले दूध हे जंतूंचे आवडते घर. नोकरीतल्या स्त्रियांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. पण शेतात, वीटभट्टीवर, धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती कोण देणार? तिथे घरातल्यांनीच तिचे काम वाटून घेतले पाहिजे.

काही थोड्या बाळांना डबा खरोखर लागतो. आई नसेल, आई फार आजारी असेल, एखादे विशिष्ट औषध चालू असेल. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने तो जरूर द्यावा. पाणी उकळून, ते फार निवण्याआधी, डब्यावर लिहिलेले माप अचूक घालून दूध करावे आणि कोमट झाल्यावर वाटी-चमच्याने पाजावे. उरलेले ठेवू नये. पातळ तर कधीच करू नये. ज्या आईला डबा द्यावा लागतो तिला कोणी टोचून बोलू नये. तिने गुन्हा केलेला नाही.

आपण काय करू शकतो?

स्वयंसेवा म्हणजे मोठी संस्था काढणे नव्हे. प्रसूतिगृहात कोणी फुकट डबा दिला, डॉक्टरांच्या भिंतीवर कंपनीचा फलक दिसला, औषधाच्या दुकानात डब्यावर भेटवस्तू लावलेली दिसली, तर नम्रपणे विचारावे, "हे कायद्यात बसतं का?" उत्तर मिळाले नाही तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाला लेखी कळवावे. महिला मंडळांनी दर वर्षी १ ते ७ ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात एखाद्या नर्सबाईंना बोलवावे. माझ्या तरुण डॉक्टर मित्रांनी आठवड्यातली एक दुपार काढावी. रोगी पळून जात नाहीत, हे मी तीसेक गुरुवार पाहिले आहे.

आता त्या तरुण बापाचे सांगतो. दुसऱ्या दिवशी तो बायको आणि बाळ यांना घेऊन आला. बाळाचे वजन ठीक होते. आईला पाजताना दुखत होते म्हणून ती लवकर बाळाला काढत होती. आमच्या नर्सबाईंनी वीस मिनिटे तिच्याजवळ बसून बाळ नीट धरायला शिकवले. आठ दिवसांनी पुन्हा वजन केले, २१० ग्रॅम वाढले होते. डब्याचे काय केले ते मी विचारले. "अजून फोडला नाही," तो म्हणाला.

सर आता थकले आहेत, घराबाहेर फारसे पडत नाहीत. त्यांना मी फोनवर ही हकिकत सांगितली. ते म्हणाले, "नर्सला वीस मिनिटं कोणी शिकवली होती?" मी म्हटले, "सर, तुम्हीच, एका गुरुवारी."